किती वेगानं? आणि किती वेळ?

अंतर ७०,००० प्रकाशवर्षं, प्रवास ७५ वर्षांचा. १९९५च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या मालिकेचा सगळा डोलारा या दोन आकड्यांवर उभा आहे. एक अंतराळयान परक्या शक्तीच्या तावडीत सापडून आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला फेकलं जातं. कॅप्टन जेनवेला पहिल्याच भागात कळून चुकतं की सगळा जोर लावला तरी घरी पोहोचायला ७५ वर्षं लागतील. म्हणजे यानावरच्या जवळपास दीडशे माणसांपैकी बहुतेकांना आपलं घर पुन्हा दिसणार नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. दोन आकडे शेजारी दिसले की भागाकार करून बघायची खोड आहे. ७०,००० भागिले ७५ म्हणजे साधारण ९३३. यान सरासरी प्रकाशाच्या ९३३ पट वेगानं जाणार, असा त्याचा अर्थ. पण त्याच पहिल्या भागात या यानाची ओळख करून देताना एक पात्र सांगतं की हे यान 'वॉर्प ९.९७५' हा वेग टिकवून धरू शकतं. आणि स्टार ट्रेकच्याच मंडळींनी छापलेल्या तक्त्यानुसार वॉर्प ९.९ म्हणजेच प्रकाशाच्या ३,०५३ पट. त्या हिशेबानं घर फक्त २३ वर्षांवर आहे. यानावरचे तरुण पन्नाशीच्या आत घरी पोहोचतील.

मग उरलेली ५२ वर्षं गेली कुठे?

लेखकांनी गणित केलं नाही, हे सोपं उत्तर झालं. ते काही अंशी खरंही आहे. पण त्या ५२ वर्षांचा माग काढत मागे गेलं की तीसेक वर्षांची एक मजेशीर ओढाताण दिसते. प्रत्येक कॅप्टन विचारतो, 'किती वेगानं जाऊ शकतो?' आणि इंजिनरूममधून प्रतिप्रश्न येतो, 'किती वेळ?' काल्पनिक यानांच्या वेगाचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

वेग कमी हवा होता

प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जाणारी यानं स्टार ट्रेकच्या कितीतरी आधीपासून होती. ई. ई. 'डॉक' स्मिथ यांची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकात क्रमशः आली, तेव्हाच तिच्यातलं यान आइन्स्टाइनची वेगमर्यादा धुडकावून ताऱ्यांकडे सुसाट निघालं होतं. सिद्धांत म्हणतो जमणार नाही, आम्ही तर जातोय, असा एकूण खाक्या. त्या काळातल्या लेखकांना वेग हवा तेवढा मिळत होता, कारण मागितला की मिळत होता.

१९६४ साली जीन रॉडनबेरी यांनी टीव्हीसाठी स्टार ट्रेकची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना वेगाइतकंच अंतरही हवं होतं. रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमान चालवत होते, नंतर पॅन अॅमचे वैमानिक झाले, मग लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात गेले आणि तिथून टीव्ही लेखनात आले. त्यांच्या कॅप्टनचा आदर्श होता होरेशियो हॉर्नब्लोअर, म्हणजे सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांमधला ब्रिटिश नौदलाचा अधिकारी. शिडाच्या जहाजांचा काळ. एकदा जहाज बंदरातून सुटलं की लंडनशी महिनोन्महिने संपर्क नाही. समोर शत्रूचं जहाज दिसलं तर लढायचं की सोडून द्यायचं, हे कॅप्टननं तिथल्या तिथे ठरवायचं आणि मागाहून त्याचा जाब द्यायचा.

ही गंमत अंतराळात न्यायची तर दोन्ही बाजूंनी तोल सांभाळायला हवा. यान इतकं वेगवान हवं की दर आठवड्याला नवा ग्रह गाठता येईल, आणि इतकं संथ हवं की मुख्यालयातून मदत वेळेवर पोहोचणार नाही. १९६६च्या डिसेंबरात आलेला 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग या तोलाचं उत्तम उदाहरण आहे. सीमेवरच्या चौक्या उद्ध्वस्त झाल्या आहेत. कॅप्टन कर्क मुख्यालयाला संदेश पाठवतो, पण उत्तर यायला कित्येक तास लागणार. तोवर पाठलाग होतो, लढाई होते, माणसं मरतात. सगळं संपल्यावर उत्तर येतं: तू जो निर्णय घेशील त्याला आमचा पाठिंबा आहे. कर्कच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं, ते वेगवान इंटरनेटच्या जगात लिहिता आलं नसतं.

घन करा आणि पुढे व्हा

यानाचा वेग सांगायचा शब्द होता 'वॉर्प'. यान अवकाशातून पळत नाही, अवकाशालाच मुरड घालतं, अशी कल्पना. लेखकांना हाताशी असावं म्हणून एक सोपा हिशेबही ठरला. वॉर्प १ म्हणजे प्रकाशाचा वेग. त्यापुढे आकड्याचा घन करायचा. वॉर्प २ म्हणजे ८ पट, वॉर्प ६ म्हणजे २१६ पट, वॉर्प ८ म्हणजे ५१२ पट. सोबत अट अशी की वॉर्प ६ हा सुरक्षित वेग. वॉर्प ८ला यानावर ताण यायला लागतो. १९६८ साली 'द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक' या पुस्तकातून हे नियम प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.

हे आकडे प्रचंड वाटतात, म्हणून जरा ताडून पाहू. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. वॉर्प ६नं तिथे पोहोचायला एक आठवडा लागेल. जहाजाच्या सफरीसाठी अगदी बेताचा वेळ. पण आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं आहे. ती याच वेगानं ओलांडायची तर ४६३ वर्षं. म्हणजे शेजारचा तारा आठवड्यावर आणि आकाशगंगेचं दुसरं टोक कित्येक पिढ्यांवर. रॉडनबेरींना हवा तसा नकाशा या एका घनानं तयार केला होता.

मग झालं काय, तर प्रत्येक लेखकाला आपल्या भागात काहीतरी 'जास्त' हवं होतं. १९६७च्या 'द चेंजलिंग'मध्ये नोमॅड नावाचं एक यंत्र परस्पर इंजिनं 'सुधारतं' आणि यान वॉर्प ११ला जातं. १९६८च्या 'बाय एनी अदर नेम'मध्ये परकी माणसं यानाचा ताबा घेऊन वॉर्प ११नं देवयानी दीर्घिकेकडे निघतात. १९६९च्या 'दॅट विच सर्व्हाइव्ह्ज'मध्ये घातपातामुळे यान वॉर्प १४.१पर्यंत पोहोचतं. फोनच्या कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखं झालं. मागच्यापेक्षा आकडा मोठा हवा, बस्स.

आणि आकडा मोठा झाला की हिशेब फाटतो. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. मालिकेत सांगतात, प्रवासाला तीनशे वर्षं लागतील. भागाकार केला तर प्रकाशाच्या आठ हजार पटींहून जास्त वेग लागतो. अकराचा घन मात्र १,३३१. त्या वेगानं जवळपास १,९०० वर्षं लागायला हवीत.

पण 'द चेंजलिंग'मधला तो प्रसंग मला या सगळ्यात जास्त आवडतो. इंजिनांची ताकद वाढली म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. मुख्य इंजिनिअर स्कॉटी सांगतो की यानाचा सांगाडा हा वेग सोसणार नाही. मग कर्क नोमॅडला केलेली सुधारणा मागे घ्यायला लावतो. इंजिन पळू शकतं, पण बाकीचं जहाज? हा प्रश्न टीव्हीवर इतक्या स्वच्छपणे विचारलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

स्कॉटीचं गणित

स्कॉटीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण 'किती वेळ?' हा प्रश्न घरोघरी पोहोचवला तो त्यानं. जेम्स डूहान या कॅनेडियन अभिनेत्यानं ही भूमिका केली. तो दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला सैनिक होता. त्याला पाहून इतकी मुलं इंजिनिअरिंगकडे वळली की मिलवॉकी स्कूल ऑफ इंजिनिअरिंगनं त्याला मानद डॉक्टरेट दिली.

स्कॉटीचं काम एका ओळीत सांगता येतं. कॅप्टन वेग मागतो, स्कॉटी वेळ सांगतो. एवढा वेग मिळेल, पण अमुक तासच. त्यानंतर इंजिन राहील की जाईल याची हमी नाही. १९८४च्या 'द सर्च फॉर स्पॉक' या चित्रपटात तो मोकळेपणानं कबूल करतो की दुरुस्तीला लागणारा वेळ तो चौपट करून सांगतो. १९९२च्या 'रेलिक्स' या भागात म्हातारा झालेला स्कॉटी पुढच्या पिढीच्या इंजिनिअरला हेच शिकवू पाहतो: खरा वेळ कॅप्टनला कशाला सांगितलास? तरुण इंजिनिअर ला फोर्ज गोंधळून बघत राहतो.

हे बघून आमच्या धंद्यातला माणूस हसतो, पण त्याला पूर्ण हसूही येत नाही. एका कंपनीत आमच्या टीमच्या कामाच्या वेगाचा आकडा दर दोन आठवड्यांनी भिंतीवरच्या स्क्रीनवर लावत. एकदा रिलीजसाठी सगळ्यांनी रात्री जागवल्या आणि तो आकडा दीडपट झाला. पुढच्या दोन आठवड्यांसाठी तोच आकडा पाया धरला गेला. आधीच्या पंधरवड्यात कोण किती झोपलं होतं, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. स्कॉटी चौपट का सांगतो, हे मला त्या महिन्यात कळलं. त्याच्या यानावर टिकण्याचा रकाना त्याच्या डोक्यात होता आणि तो भरायची जबाबदारीही त्याचीच होती.

दहावर कुंपण

१९८७च्या सप्टेंबरात 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा वॉर्पचा आकडा फुगत राहू नये म्हणून रॉडनबेरींनी नवा नियम केला. वॉर्प १० म्हणजे अनंत वेग. तिथे कोणीही पोहोचू शकत नाही. अकरा, चौदा वगैरे बंद.

हा नियम आकड्यांत बसवायचं काम मायकेल ओकुडा आणि रिक स्टर्नबाख यांच्याकडे आलं. १९९१ साली आलेल्या त्यांच्या 'टेक्निकल मॅन्युअल'मध्ये या कामाची गोष्ट आहे आणि ती वाचताना ओळखीच्या माणसांची मीटिंग चालू असल्यासारखं वाटतं. पहिली अट, नवं यान जुन्यापेक्षा जलद वाटलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षक चिडतील. दुसरी, दहावर कुंपण. तिसरी, वेग फार वाढला तर यान काही महिन्यांत आकाशगंगा ओलांडेल आणि मग गोष्टीला जागाच उरणार नाही. चौथी, 'क्यू'सारखी सर्वशक्तिमान पात्रं जाहिरातीच्या ब्रेकमध्ये यान लाखो प्रकाशवर्षं फेकतात, त्यांच्यासाठीही कुठेतरी वाट ठेवायला हवी. ओकुडांनी एक्सेल शीट उघडली आणि एक वक्ररेषा बसवली. ती नऊपर्यंत सरळ स्वभावाची, नऊच्या पुढे झपाट्यानं वर चढणारी, दहाच्या जवळ जात राहणारी पण त्याला कधीच न शिवणारी अशी होती.

नव्या तक्त्यात वॉर्प ६ झाला ३९२ पट, वॉर्प ९ झाला १,५१६ पट. ९.९ला ३,०५३ पट आणि ९.९९ला ७,९१२ पट. दशांशचिन्हामागे एक नऊ वाढला की वेग दुपटीहून जास्त. क्यूला हवी तेवढी जागा मिळाली.

माझ्या दृष्टीनं या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच आहे. नव्या एंटरप्राइझसाठी त्यांनी दोन आकडे दिले. टिकवता येणारा वेग वॉर्प ९.२. आणि वॉर्प ९.६, पण जास्तीत जास्त १२ तास. स्कॉटी वीस वर्षं तोंडी सांगत होता, ते आता छापील झालं.

या १२ तासांचा हिशेब करून पाहा. ९.६ म्हणजे प्रकाशाच्या १,९०९ पट. इतक्या वेगानं १२ तास गेलं तर यान २.६ प्रकाशवर्षं कापतं. प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे हे अफाट यान सर्वोच्च वेगानं सूर्यापासून निघालं, तर सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतही पोहोचत नाही. वाटेतच इंजिनं थंड करायला थांबावं लागतं. ९.२नं निघालं तर न थांबता साडेबावीस तासांत पोहोचतं. तुमच्या फोनचा प्रोसेसर जाहिरातीतल्या वेगानं किती मिनिटं चालतो आणि गेम खेळताना फोन तापला की काय होतं, हे आठवलं की ओकुडा आणि स्टर्नबाख यांना सलाम ठोकावासा वाटतो.

परत त्या ५२ वर्षांकडे

आता 'व्हॉयेजर'चा घोळ जरा उलगडतो. वॉर्प ९.९७५ हा जाहिरातीतला आकडा. प्रकाशाच्या ९३३ पट हा घरी पोहोचायचा आकडा. नव्या तक्त्यात वॉर्प ८ म्हणजे १,०२४ पट, म्हणजे जेनवेची सरासरी वॉर्प ८हूनही थोडी कमी पडते. मधल्या फरकात काय काय बसतं? नकाशा नसलेला प्रदेश, वाटेतलं इंधन, दुरुस्तीचे थांबे, अन्न, लढाया. मालिकेनं हा हिशेब कधी कागदावर मांडला नाही. तरी ७५ हा आकडा मला ९.९७५पेक्षा खरा वाटतो. त्यात थांबे धरलेले आहेत.

त्याच आकड्यामुळे यानावरच्या माणसांना खरे प्रश्न पडतात. घरी वाट पाहणाऱ्यांनी किती वर्षं थांबावं? इथे संसार मांडायचा का? मुलं झाली तर त्यांनी शिकून पुढे हेच यान चालवायचं का? प्रवासात नाओमी वाइल्डमन नावाची मुलगी जन्माला येते आणि यान हेच तिचं गाव होतं. २३ वर्षांचा प्रवास म्हणजे लांबलेली नोकरी. ७५ वर्षांचा म्हणजे आयुष्य.

मालिकेचे लेखक मात्र स्वतःचाच आकडा पाळत नव्हते. १९९५च्याच 'द ३७'ज' या भागात टॉम पॅरिस एका जुन्या काळच्या वैमानिकाला सांगतो की वॉर्प ९.९ म्हणजे सेकंदाला सुमारे चार अब्ज मैल. हे प्रकाशाच्या २१,००० पटींहून जास्त होतं. त्या वेगानं घर सव्वातीन वर्षांवर! मालिका सात वर्षं चालली.

पुढच्या वर्षी 'थ्रेशोल्ड' आला. त्यात पॅरिस चक्क वॉर्प १०चं कुंपण ओलांडतो, विश्वात एकाच वेळी सगळीकडे असतो, आणि मग त्याचा हळूहळू सरड्यासारखा प्राणी होतो. चाहत्यांच्या सर्वांत नावडत्या भागांमध्ये आजही त्याचं नाव येतं. रंगभूषेसाठी एमी पुरस्कार मिळाला, तो भाग वेगळा. माझ्या मते तो फसला त्याचं कारण सरडा नव्हे. अनंत वेग हाती आल्यावर सांगायला गोष्टच उरली नाही. घरी जायची गुरुकिल्ली मिळाली होती आणि पुढच्या आठवड्यात मालिका चालू ठेवायची तर ती कपाटात बंद करणं भाग होतं.

ही खेचाखेच पुढेही संपली नाही. २००१च्या 'एंटरप्राइज' मालिकेच्या पहिल्या भागात वॉर्प ४.५नं नेपच्यूनला जाऊन सहा मिनिटांत परत येता येईल, असं म्हटलं आहे. जुन्या घनाच्या नियमानं हिशेब केला तर साडेपाच मिनिटं येतात. वा! पण त्याच भागात त्याच वेगानं क्लिंगॉन लोकांच्या ग्रहावर चार दिवसांत पोहोचायचं असतं. चार दिवसांत हे यान जेमतेम एक प्रकाशवर्ष कापेल. म्हणजे ते बलाढ्य साम्राज्य प्रॉक्सिमाच्याही अलीकडे, आपल्या अंगणात निघालं. २००९च्या चित्रपटात तर पृथ्वीहून व्हल्कन ग्रह थोड्याशा संवादांमध्येच येतो. व्हल्कनचा सूर्य मानला गेलेला ४० एरिडानी हा तारा १६ प्रकाशवर्षांवर आहे. चित्रपट सुसाट आहे, मलाही आवडतो. पण त्यातली आकाशगंगा एखाद्या शहराएवढी वाटते, आणि शहरात कोणी एकटं पडत नाही.

इंजिन टिकलं, माणसं?

टिकण्याचा प्रश्न इंजिनापाशी थांबत नाही. १९९३च्या 'फोर्स ऑफ नेचर' या भागात एक शास्त्रज्ञ दाखवून देते की वॉर्पच्या अतिवापरानं अवकाशालाच चिरा पडत आहेत. मग सगळ्या यानांना वॉर्प ५ची मर्यादा घातली जाते. पुढे एखाद्या भागात 'मर्यादा ओलांडायला परवानगी आहे' असं वाक्य यायचं. मग तेही बंद झालं आणि यानं पुन्हा पूर्वीसारखी पळू लागली. लेखकांना ती मर्यादा अडचणीची झाली होती. रस्ता खचतोय हे कळूनही गाड्या चालू राहतात, हे काही फक्त टीव्हीवर घडत नाही.

आणि स्टार ट्रेकच्या बाहेर, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेचा '३३' हा भाग. तो २००४ साली आधी ब्रिटनमध्ये दाखवला गेला आणि पुढे त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यातल्या यानांना वेग असा नाहीच. ती एका क्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतात. पण शत्रू दर ३३ मिनिटांनी त्यांना शोधून काढतो. मग पुन्हा उडी. पुन्हा ३३ मिनिटं. भाग सुरू होतो तेव्हा अशा दोनशेहून अधिक उड्या झालेल्या असतात आणि पाच दिवसांहून जास्त काळ कोणी धड झोपलेलं नसतं. दाढ्या वाढल्या आहेत, हात थरथरतायत, साध्या आकडेमोडीत चुका होतायत. इंजिनं अजून चालतायत; आकडे भरणारी बोटं चालत नाहीत. शेवटी, हजाराहून जास्त माणसं असू शकतील अशा आपल्याच एका नागरी यानावर गोळी झाडायची की नाही, हा निर्णय याच न झोपलेल्या माणसांना घ्यावा लागतो. ते झाडतात. यानात माणसं होती का, हे भाग नक्की सांगत नाही.

स्कॉटी कॅप्टनला जे सांगत होता त्याचं हे दुसरं टोक आहे. सर्वोच्च वेग किती वेळ टिकतो, याचं उत्तर शेवटी सर्वांत आधी थकणाऱ्या भागावरून ठरतं, आणि यानातला तो भाग बहुतेक वेळा माणूस असतो.

आपली खरी यानं

१९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञानं एक शोधनिबंध लिहिला आणि शीर्षकातच 'वॉर्प ड्राइव्ह' हे शब्द वापरले. यानापुढचं अवकाश आकसायचं, मागचं पसरवायचं, आणि मधल्या बुडबुड्यात यान निवांत. सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांना हे चालतं. पण त्यासाठी ऋण ऊर्जा हवी, आणि ती इतक्या प्रमाणात कुठून आणायची हे कोणालाच माहीत नाही. पुढच्या अभ्यासकांना आणखी एक अडचण दिसली. बुडबुडा प्रकाशाहून जलद गेला, तर आतल्या माणसांचा संदेश बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचूच शकत नाही. म्हणजे वेग वाढवायचा की थांबायचं, हे आतून ठरवता येणार नाही. गाडी आहे, ब्रेक दुसऱ्याच्या हातात.

प्रत्यक्षात आपल्याकडे काय आहे? २४ डिसेंबर २०२४ रोजी पार्कर सोलर प्रोब सूर्याजवळून सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेगानं गेलं. माणसानं बनवलेल्या यानाचा हा विक्रम. पण तो वेग सूर्याच्या ओढीचा आहे. थोडं लांब गेलं की ओसरतो. कक्षेच्या दुसऱ्या टोकाला, शुक्राच्या कक्षेजवळ, तेच यान सेकंदाला जेमतेम १२ किलोमीटरनं जात असतं.

तिकडे १९७७च्या सप्टेंबरात सुटलेलं व्हॉयेजर-१ आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललं आहे. मालिकेतलं व्हॉयेजर ७०,००० प्रकाशवर्षं ७५ वर्षांत कापणार होतं. खऱ्या व्हॉयेजरला प्रॉक्सिमाइतकं, ४.२४ प्रकाशवर्षांचं अंतर कापायलाच सुमारे ७५,००० वर्षं लागतील. वेग कमी होण्याचा धोका मात्र त्याला नाही. संपत चालली आहे ती वीज. प्लुटोनियमवर चालणारा जनरेटर दर वर्षी थोडा थोडा मंदावतो, आणि पृथ्वीवरचे इंजिनिअर एकेक उपकरण बंद करत उरलेली वीज पुरवून वापरतात.

२०२३च्या नोव्हेंबरात या यानाकडून येणारा मजकूर अचानक निरर्थक झाला. काही महिन्यांच्या तपासानंतर कळलं की एका संगणकाची मेमरी चिप बिघडली आहे आणि त्यातला कोड गेला आहे. चिप बदलायला तिथे कोणी जाऊ शकत नाही. तो सगळा कोड मावेल अशी एक सलग मोकळी जागाही उरलेल्या मेमरीत नव्हती. मग जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या टीमनं कोडचे तुकडे केले, ते मेमरीत जिथे फट मिळेल तिथे बसवले, आणि ते एकमेकांना सापडतील अशी जोडणी केली. सत्तरच्या दशकातल्या संगणकावर, अब्जावधी किलोमीटर अंतरावरून, चाचणीसाठी दुसरं यान नसताना.

१८ एप्रिल २०२४ला पहिला बदल पाठवला. पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. त्या दोन दिवसांत त्या खोलीतल्या माणसांना करण्यासारखं काहीच नव्हतं. २० एप्रिलला उत्तर आलं आणि यानाची तब्येत सांगणारे आकडे पाच महिन्यांनी पहिल्यांदा नीट वाचता आले. त्या पाच महिन्यांतही व्हॉयेजर सेकंदाला १७ किलोमीटरनंच चाललं होतं.